घड उचलताना कंबरेचे स्नायू काय करतात आणि दुखऱ्या पाठीत काय बदलतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. यावल तालुक्यातले एक छत्तीस वर्षांचे शेतकरी केळीची कापणी आणि वाहणी स्वतः करतात. सात महिन्यांपूर्वी घड खांद्यावर घेताना कंबरेत उसण भरली, ती अजून पूर्ण गेलेली नाही. एमआरआयमध्ये एल-४, एल-५ मधली, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली, चकती थोडी फुगलेली दिसते, पायात कळ जात नाही. एकाने सांगितलं, आता वजन उचलायचं नाही. दुसरा म्हणाला, पाठ कमजोर आहे, व्यायाम करा. तिसरा म्हणाला, पोट कायम आत ओढून ठेवा. पट्टा दिवसभर बांधलेला असतो, आणि हल्ली खाली पडलेली चप्पल उचलतानाही श्वास रोखला जातो. त्यांना विचारायचं आहे की उचलताना पाठीचे स्नायू नेमकं काय करतात, दुखणाऱ्या माणसात काय वेगळं होतं, आणि घड पुन्हा उचलता येईल का.

भाऊ, उचलता येईल. पण तुमचे आतापर्यंतचे बहुतेक उपाय एका समजुतीवर उभे आहेत, ती आधी तपासू. दुखरी पाठ म्हणजे ढिली पाठ, असं आपण धरून चालतो. स्नायूंमधली विद्युत क्रिया मोजणारी ईएमजीची बटणं पाठीवर चिकटवून माणसाला वजन उचलायला लावलं, तर दुखण्याच्या रुग्णांत बऱ्याचदा वेगळंच दिसतं. स्नायू गरजेपेक्षा जास्त काम करत असतात, नको त्या वेळी करत असतात, आणि काम संपल्यावर सुटत नाहीत. चप्पल उचलताना रोखलेला श्वास हे त्याचंच लक्षण.

आधी ताकदीचा हिशोब बघू. कण्याच्या दोन्ही बाजूंना जे उभे दोरखंड हाताला लागतात, ते कण्याच्या केंद्रापासून साधारण ५ ते ६ सेंटीमीटर मागे असतात, म्हणजे तीन बोटांच्या अंतरावर. तराजूची एक दांडी इतकी आखूड आणि दुसरी हातभर लांब, अशी ही रचना. साठ किलोच्या माणसाचं कंबरेवरचं अंग ३० ते ३५ किलो भरतं. तो पुढे वाकला आणि २० किलोचा घड कंबरेपासून ४० सेंटीमीटर पुढे धरला, तर स्वतःचं अंग आणि घड मिळून पेलायला त्या दोरखंडांना सुमारे २७० किलोच्या वजनाइतका ताण द्यावा लागतो. तोच घड २० सेंटीमीटरवर आणला की ताण २०० किलोच्या आसपास उतरतो. आकडे ढोबळ आहेत, पण घड तोच, माणूस तोच, फक्त वीतभर अंतर कमी झालं. या स्नायूंचा सगळा ताण चकतीवर दाब म्हणून येतो, कारण ते कण्याला उभं आवळतात.

हे प्रत्यक्ष मोजलेलंही आहे. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० किलो वजनाच्या एका स्वयंसेवकाच्या एल-४, एल-५ चकतीतच दाबमापक बसवला. तुमची हीच चकती. नुसतं उभं राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल भरला. २० किलो छातीशी धरले तर १.१, आणि तेच छातीपासून ६० सेंटीमीटर लांब धरले तर १.८. पाठ गोल करून वाकून २० किलो उचलले तर २.३, गुडघे वाकवून उचलले तर १.७. माणूस एकच होता, त्यामुळे आकड्यांना देववाक्य मानू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे: अंतराचा फरक पद्धतीच्या फरकाइतकाच मोठा आहे.

आता निरोगी माणूस वाकतो तेव्हा काय होतं? सुरुवातीला पाठीचे दोरखंड ताठ होतात, कारण पुढे जाणारं अंग ते हळूहळू सोडत असतात. वाकणं पुरं होत आलं की ते जवळजवळ गप्प होतात. तिथे अंगाचं वजन कण्यामागची बंधनं आणि ताणलेल्या ऊती पेलतात, स्नायूंना क्षणभर विसावा मिळतो. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५० च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. परत उठताना आधी कुल्ले आणि मांडीमागचे स्नायू जोर घेतात, मग कंबरेचे, आणि शेवटी छातीमागचे.

दुखणाऱ्या कंबरेत तो विसावा बऱ्याचदा नाहीसा होतो. पूर्ण वाकल्यावरही दोरखंड ताठच राहतात. हे घरीही अंदाजाने बघता येतं. घरातल्या कोणाला तरी तुमच्या कंबरेवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवायला सांगा आणि हात मोकळे सोडून सावकाश वाका. आधी अंगठ्याखाली दोर कडक होईल. शेवटी तो मऊ पडतो की सुतळीसारखा ताणलेलाच राहतो, एवढंच बघायचं. वाकताना पायात कळ उतरत असेल तर हे करू नका. बोटांना ईएमजीची अचूकता नसते, पण आधी आणि महिन्याने असं दोनदा बघितलं तर फरक कळतो.

दुसरा बदल म्हणजे पोट आणि पाठ एकाच वेळी आवळणं. समोरचे आणि मागचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढतात, कणा हलत नाही, पण दाब दोन्हीकडून वाढतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मारास यांच्या गटाने २००१ मध्ये हे मोजलं. नियंत्रित पद्धतीने जोर लावायला सांगितल्यावर, तितक्याच कामाला कंबरदुखीच्या रुग्णांच्या कण्यावर निरोगी माणसांपेक्षा २६ टक्के जास्त दाब आणि ७५ टक्के जास्त आडवं कातर बल, म्हणजे मणक्यांना बाजूला सरकवू बघणारा जोर, पडत होतं. ज्याची कंबर दुखते तोच माणूस स्वतःच्या स्नायूंनी तिच्यावर जास्त भार टाकत होता. मोकळेपणी उचलू दिल्यावर ते सावकाश आणि कमी वाकून उचलत, म्हणजे शरीर भरपाई करू बघतं. पण आवळण्यातून येणारा जादा दाब त्या सावधपणाने पूर्ण भरून निघत नाही.

तिसरा बदल बारीक आहे, पण वाहणीच्या कामात फार महत्त्वाचा. एकच हालचाल पुन्हापुन्हा करताना निरोगी पाठ भार फिरवत राहते. वरचा भाग थकू लागला की काम खालच्या भागाकडे सरकतं. दुखऱ्या पाठीत हे सरकणं कमी होतं, स्नायूंचा तोच भाग राबत राहतो. म्हणून दहाव्या घडाला काही वाटत नाही आणि चाळिसाव्याला कंबर धरते.

शिवाय कण्याला अगदी चिकटून मल्टिफिडस नावाचा स्नायू असतो. पहिल्यांदा कंबर धरली की तो दुखऱ्या बाजूला, दुखऱ्या मणक्यापाशी बारीक होतो. वेदना गेली म्हणून तो आपोआप भरून येत नाही, हे हाइड्स यांच्या गटाने १९९६ मध्ये सोनोग्राफीने दाखवलं. त्यामुळे 'आता दुखत नाही, म्हणजे बरं झालं' हा निकष अपुरा पडतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. सगळ्या दुखऱ्या पाठी एकसारख्या नसतात. काही लोक ताठ होतात, काही उलट सैल. सैल माणूस झटक्याने वाकतो, कंबरेतून खूप हलतो, आणि तासभर निंदणी केल्यावर त्याचं दुखणं वाढतं. त्याला नियंत्रण शिकवावं लागतं. ताठ माणसाला सोडणं शिकवावं लागतं. तुमचं वर्णन ताठ माणसाचं आहे: पट्टा, रोखलेला श्वास, आत ओढलेलं पोट. 'पोट कायम आत ओढा' हा सल्ला तुमच्या बाबतीत आगीत तेल आहे. तो द्यायचं कारणही समजून घ्या. हात उचलण्याआधी पोटाचा सर्वांत आतला स्नायू कंबरदुखीवाल्यांत उशिरा जागा होतो, असं ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये दिसलं होतं, आणि त्यावरून जगभर पोट आत ओढायची लाट आली. तिथे प्रश्न क्षणभराच्या उशिराचा होता. दिवसभर आवळून तो सुटत नाही.

पहिल्या काही दिवसांत स्नायूंनी कंबर जखडून ठेवणं हे शरीराचं शहाणपण असतं, मोडलेल्या फांदीला बांधलेल्या खपच्चीसारखं. सात महिन्यांनी ती खपच्ची काढायची असते.

एमआरआयबद्दल. ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा तिशीतल्या लोकांच्या एमआरआयमध्येही सुमारे ४० टक्के जणांत चकती फुगलेली सापडते, चाळिशीत निम्म्या लोकांत. पायात कळ नाही, बधिरपणा नाही, ताकद पूर्ण आहे, तर त्या रिपोर्टवरून आयुष्यभराचा वजनबंदीचा हुकूम निघत नाही. मात्र लघवी अडकली किंवा नकळत झाली, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. सकाळची वाट बघू नका. टाचेवर चालता येत नसेल, म्हणजे पाऊल लोंबत असेल, तरीही उशीर नको. संध्याकाळी बारीक ताप, घटणारं वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी कंबर असेल तर मणक्याचा टीबी तपासायलाच हवा, आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. आणि पायाळू माणसाकडून कंबरेवर लाथ मारून घेणं बंद करा. साधी उसण तशीही काही दिवसांत उतरते, श्रेय लाथेला मिळतं. पण टीबीने पोखरलेल्या किंवा ठिसूळ मणक्यावर ती लाथ बसली तर मणका बसू शकतो.

आता केळीच्या बागेत या. कापणीचा सर्वांत धोक्याचा क्षण घड वाहताना येत नाही, दांडा तुटतो त्या क्षणी येतो. कापणारा विळा मारतो आणि २० ते २५ किलो एका झटक्यात खांद्यावर येतात. पाठीवर अचानक भार आला किंवा अचानक सुटला, तर कंबरदुखीच्या रुग्णांचे स्नायू उशिरा प्रतिसाद देतात आणि उशिरा सुटतात, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. अपेक्षित भाराला मात्र स्नायू आधीच तयार राहतात. म्हणून विळा चालण्याआधी घड खांद्याला पूर्ण टेकलेला हवा, एक हात खालून फण्यांखाली, दुसरा दांड्यावर, गुडघे किंचित वाकलेले, एक पाऊल पुढे. कापणाऱ्याने 'हं' म्हणून मगच दांडा तोडायचा. दांडा एकदम न तोडता आधी खोडाला अर्धवट छेद देऊन झाड हळूहळू झुकवलं, तर भार टप्प्याने येतो. कापणारा आणि घेणारा रोज बदलत असतील तर हा इशारा पहिल्या घडाआधी ठरवून घ्या. एवढ्या एका सवयीने जो फरक पडतो, तो महागड्या पट्ट्याने पडत नाही.

घड घेतल्यावर दुसरी चूक होते ती वळण्यात. पाच-पाच फुटांच्या लागवडीत मोकळी जागा कमी, ठिबकमुळे खोडाशी चिखल. पाऊल रुतलेलं राहतं आणि माणूस कंबरेतून वळतो. आधी पाय उचला, छोटी दोन-तीन पावलं टाकून पूर्ण अंग वळवा. घड कायम उजव्या खांद्यावर असेल तर डावीकडचे कंबरेचे स्नायू सतत ओढून धरतात, नाहीतर अंग उजवीकडे कलंडेल. पाच-सहा फेऱ्यांनी खांदा बदला. चुंबळ ठेवून डोक्यावर घेतलं तर भार कण्याच्या सरळ रेषेत येतो आणि कंबरेला हलकं जातं, पण मानेचं दुखणं असलेल्यांनी तो मार्ग धरू नये.

जमिनीवर ठेवलेला घड उचलायचा असेल तर 'पाठ सरळ, गुडघे वाकवा' हा नियम आंधळेपणाने पाळू नका. घड रुंद असतो. गुडघे पूर्ण वाकवले की तो गुडघ्यांच्या पुढे जातो, टाचा उचलल्या जातात, आणि अंतर वाढून नियमाचा फायदाच संपतो. घडाच्या दोन्ही बाजूंना पाय येतील असं उभं राहा, किंवा एक पाय बाजूला आणि एक मागे. दांडा धरून घड उभा करा, मांडीवर घ्या, तिथे एक श्वास घ्या, मग खांद्यावर. जमीन ते खांदा हा प्रवास एका दमात नको. पाठ थोडी गोल झाली तर घाबरू नका. वाकलेल्या कंबरेने उचलणं हेच कंबरदुखीचं कारण आहे, असा ठोस पुरावा मिळालेला नाही. पूर्ण वाकलेल्या टोकाला झटका देणं मात्र टाळा.

५० किलोच्या कट्ट्याचं, म्हणजे पोत्याचं, गणित वेगळंच आहे. प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या वजनाची ५५ किलोची मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच सुचवली होती, आणि अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेच्या संस्थेचं उचलण्याचं सूत्र तर सर्वांत अनुकूल स्थितीतही २३ किलोच्या वर जात नाही. मक्याचा कट्टा एकट्याने जमिनीवरून उचलायचा नाही, दोघांनी पाठीवर द्यायचा, किंवा आधी ओट्यावर घ्यायचा. तुमच्या आत्ताच्या अवस्थेत तर अजिबात नाही.

वेळेबद्दल दोन गोष्टी. उन्हाच्या धास्तीने कापणी भल्या पहाटे सुरू होते. रात्रभर झोपल्यावर चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि दिवसभरात उंचीत जी घट होते तिच्यातली अर्ध्याहून जास्त उठल्यावर पहिल्या तासातच होते. त्या तासात वाकून जड उचलणं सर्वांत महाग पडतं. एक तास आधी उठा, चाला, गुरांचं बघा, खाली बसून करायची कामं टाळा. दुसरं, पिकअपमध्ये तासभर गचके खात बसलात किंवा वाकून निंदणी केलीत, तर लगेच वजनाला हात लावू नका. पाठीमागची बंधनं तेव्हा सैलावलेली असतात. आधी पाच-दहा मिनिटं ताठ चाला.

आता सोडायला कसं शिकायचं. पाठीवर झोपा, गुडघे उभे, एक हात पोटावर. श्वास सोडताना पोट आणि कंबर जमिनीत विरघळू द्या, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. उभं राहिल्यावर कंबरेवर अंगठे ठेवून अंग किंचित मागे-पुढे झुलवा. हनुवटी आणि छाती पुढे गेली की दोर ताठ होतो, थोडं मागे आलं की मऊ पडतो. ती मऊ जागा लक्षात ठेवा. घड ठेवल्यावर प्रत्येक वेळी तिथेच यायचं.

त्यानंतर काठीचा सराव. एक सरळ काठी पाठीला उभी लावा, डोक्याचा मागचा भाग, दोन्ही फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड असे तीन ठिकाणी टेकलेली. कुल्ले मागे ढकलत वाका, पाठीमागचा दरवाजा ढुंगणाने लोटल्यासारखं. गुडघे किंचितच वाकतील. मांडीमागे ताण आला पाहिजे. काठी एखाद्या जागेवरून सुटली की तिथेच थांबा, परत या. दहा वेळा, श्वास चालू ठेवून. श्वास अडकला तर ती फेरी मोजायची नाही. तुमच्यासाठी हा नियम काठीपेक्षा महत्त्वाचा आहे.

मल्टिफिडस आणि त्याच्या जोडीच्या पोट-कंबरेच्या स्नायूंसाठी तीन व्यायाम पुरतात. हात-गुडघ्यांवर राहून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, मग उलट. कुशीवर झोपून कोपरावर आणि दुमडलेल्या गुडघ्यांवर अंग उचलणं. पाठीवर झोपून, हात कंबरेखाली, एक गुडघा उभा, फक्त डोकं आणि खांदे थोडे वर. प्रत्येक वेळी ८ ते १० सेकंदच धरा. जास्त वेळ धरण्याने आवळण्याचीच सवय वाढते. आधी सहा वेळा, थोडा दम, मग चार वेळा, मग दोन. दोन वेळांच्या मधे पूर्ण सैल सोडा. ते सैल सोडणं व्यायामाचाच अर्धा भाग आहे.

आठवड्यातून तीन दिवस वजन. पाच किलो ज्वारीचा डबा गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर ठेवून सुरुवात करा, आठ-आठच्या तीन फेऱ्या. करताना दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्यापेक्षा वाढलं नाही, तर पुढच्या आठवड्यात एकतर दोन किलो वाढवा, नाहीतर स्टूल थोडं खाली घ्या. दोन्ही एकदम कधीच नाही. बहुतेक लोक इथेच घसरतात: तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतं आणि थेट पोत्याला हात घालतात. जमिनीपासून वीस किलोपर्यंत यायला आठ ते बारा आठवडे लागतील.

पट्टा एकदम टाकू नका. पहिल्या आठवड्यात घरात काढा, मग बागेत फिरताना, आणि शेवटी फक्त जड उचलीपुरता ठेवा. निरोगी कामगारांनी दुखापत टाळायला पट्टा वापरावा, याला पुरेसा पुरावा नाही असं नायॉशने १९९४ मध्येच म्हटलं होतं. तुम्हाला तो धीर देतो, तेवढा वापरा.

वाहणीला परत जाताना पहिल्या आठवड्यात दिवसाआड दहा घड, तेही रस्त्यालगतच्या ओळींतले. नंतरच्या आठवड्यांत आधी संख्या वाढवा, मग अंतर, आणि पूर्ण दिवसाची वाहणी सर्वांत शेवटी. सुरुवातीला विळा दुसऱ्याच्या हाती द्या, 'हं' म्हणायचं काम स्वतःकडे घ्या, आणि घड ट्रॉलीत टाकल्यावर लगेच पुढच्या ओळीकडे न पळता दोन श्वास तिथेच उभं राहून कंबरेचा दोर मऊ पडला का ते अंगठ्याने बघा.